सगळे भाग नवे, तरी गाडी तापतेच कशी?

शेतीवाडीच्या पानावर मोटारगाडीचा विषय निघाला म्हणून नवल वाटून घेऊ नका. ज्या छपराखाली पूर्वी बैलजोडी असे, तिथे आज अनेक घरी जुनी घेतलेली चारचाकी उभी असते. माल बाजारात, आजारी माणूस दवाखान्यात आणि लेक सासरी तीच पोचवते. बैलाला ताप आला तर आपण त्याच्या कानाला हात लावून ओळखतो, त्याने वैरण सोडली का ते बघतो. गाडी तापली की मात्र आपण काहीच बघत नाही. खिशात हात घालतो आणि कोणी सांगेल तो भाग नवा बसवून घेतो.

माझे काम कृषी विस्ताराचे, मिस्त्रीचे नव्हे. परंतु पदवीच्या अभ्यासात इंजिन आणि शेती अवजारे हा विषय होता, आणि पुढे नोकरीत वाट्याला आलेल्या जुन्या जीपने मला घाटाघाटांत इतक्या वेळा बसवून ठेवले, की राहिलेला अभ्यास तिथे पुरा झाला.

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट सांगतो. माझी धाकटी बहीण कोरेगाव तालुक्यात दिली आहे. मेहुण्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुण्याला झाले आणि दुसऱ्या दिवशी भाचा त्यांना आपल्या गाडीने घरी आणायला निघाला. गाडी पेट्रोलवरची, छोटी, दहा-बारा वर्षे वापरलेली. ती तापते म्हणून पंधराच दिवसांपूर्वी तिच्यात नवा रेडिएटर, नवा वॉटर पंप आणि नवा थर्मोस्टॅट बसवला होता. आल्याची पट्टी नुकतीच आली होती. त्यातले सोळा हजार या कामात गेले.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट चढावा लागला. दुपारचा एक वाजलेला, गाडीत एसी चालू आणि पुढे मालमोटारींची रांग. अर्ध्या चढावर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. मेहुणे काळा चष्मा लावून रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून बहिणीने त्यांच्या चेहऱ्यासमोर पदर धरला. भाच्याला ते बघवेना. त्याने हातरुमालाची घडी रेडिएटरच्या झाकणावर ठेवली आणि झाकण फिरवले.

उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या उजव्या हातावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजली.

पुढचे वाचण्याआधी एवढे ध्यानात घ्या. भाजलेला भाग ताबडतोब साध्या गार, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा. घड्याळ, अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढायच्या. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तेल यांतले काहीही लावायचे नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठायचा. बहिणीने गाडीतले पिण्याचे पाणी त्याच्या हातावर ओतले, मागून आलेल्या एका मालमोटारीच्या चालकाने आपला कॅनच दिला, म्हणून भाच्याचा हात वाचला असे डॉक्टर म्हणाले. तरी डाग राहिलाच.

चार दिवसांनी मी गेलो तेव्हा गाडी दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणलेली होती. भाचा म्हणाला, "मामा, आता इंजिनच काढायला सांगतायत. अजून पंचवीस-तीस हजार. सगळं तर नवीन टाकलंय, राहिलं काय?"

मी म्हटले, "नवीन काय टाकले ते सांगितलेस. जुने काय राहिले ते बघू."

झाकणाची गोष्ट

गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे पूर्ण थंड. अशाच वेळी झाकण काढावे, एरवी नाही. इंजिन बंद करून अर्धा तास झाला तरी आतला दाब गेला असेलच असे नसते. वरची रबरी नळी दाबून पाहावी. ती गरम किंवा टणक लागली तर हात लावू नये.

झाकण काढून आत बोट घातले तर बोटाला पाणी लागले नाही. शेजारची प्लॅस्टिकची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. भाचा रोज बाटलीकडे बघून "पाणी आहे" म्हणत होता, आणि रेडिएटर रोज थोडा थोडा रिकामा होत होता.

आता हे कसे घडते? पाणी तापले की फुगते. जास्तीचे पाणी झाकणाची स्प्रिंग उचलून बाटलीत जाते. इंजिन थंड झाले की पाणी आकसते, आत ओढ निर्माण होते, तेव्हा झाकणाच्या मधली छोटी झडप उघडून बाटलीतले पाणी परत रेडिएटरमध्ये यायला हवे. झाकणाचे रबर कडक झाले, तडकले किंवा ही झडप चिकटली, तर पाणी जाते पण परत येत नाही.

झाकणाचे दुसरे काम तर याहून मोठे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांना उकळते. ०.९ चा दाब धरून ठेवला तर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच घाटात इंजिन जरा जास्त तापले तरी पाणी पाणीच राहते, त्याची वाफ होत नाही. भाच्याने घाटात झाकण फिरवताच दाब गेला आणि शंभराच्या वर तापलेले ते पाणी एका क्षणात उसळून आले.

मी हे समजावत होतो, तर बहीण भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे कुकरच की. रिंग ढिली पडली की शिट्टी होत नाही, आणि पाणी मात्र आटून जातं."

माझे सगळे व्याख्यान तिने एका वाक्यात आटोपले. झाकण जुन्याच रेडिएटरचे होते. नव्याबरोबर झाकण आले नाही म्हणून कामगाराने जुनेच बसवले होते. उन्हात धरून पाहिले तर रबराला नखाएवढी चीर होती. सोळा हजारांच्या कामात दोन-अडीचशे रुपयांची वस्तू जुनी राहिली होती. नवे झाकण घेताना जुने बरोबर न्यावे आणि आकडा तोच घ्यावा. जास्त आकड्याचे घेतले तर जुन्या नळ्या आणि सांधे फुटू शकतात. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, ते बाटलीवर असते. नियम तोच, आणि भाजण्याची भीतीही तीच.

पंपाने हवा धरावी तसे

पण झाकणाने सगळे उलगडत नव्हते. भाच्याने सांगितले की काम करून आणल्यावर पहिले दोन दिवस काटा अचानक वर जाई आणि काही न करता खाली येई. समोरच्या डॅशबोर्डमागे गुळगुळ असा आवाजही येई. ही हवेची खूण.

मी त्याला विचारले, "विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह बदललास, तर लगेच बटण दाबतोस का?"

"नाही. आधी वरून पाणी ओतून पंप भरतो. नाहीतर हवा धरतो आणि पाणी उचलत नाही."

"मग गाडीचा पंप वेगळा आहे का?"

गाडीचा वॉटर पंपही तसाच, पंख्याने पाणी ढकलणारा. रेडिएटर, पंप, नळी यांतले काहीही बदलायचे म्हटले की आतले सगळे पाणी सांडते आणि त्या जागी हवा भरते. वरून पाणी ओतून तोंड भरले, झाकण लावले, म्हणजे आत पाणी पोचले असे होत नाही. इंजिनच्या डोक्याशी हवेचा फुगा अडकून राहतो. तिथल्या धातूला पाणी लागत नाही. काटा दाखवणारे यंत्रही त्या हवेत उघडे पडले तर काटा खोटे बोलतो, इंजिन करपत असते आणि काटा निम्म्यावर असतो.

हवा काढायला आम्ही हत्यारे वापरली नाहीत. खळ्याकडे जाणाऱ्या चढावर गाडीची पुढची चाके चढवली, म्हणजे रेडिएटरचे तोंड सगळ्यात उंच झाले. हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना दगड लावले. हीटरची कळ पूर्ण गरमकडे फिरवली, कारण हीटरच्या नळ्यांतही हवा बसते. थंड इंजिनात झाकण उघडे ठेवून सावकाश पाणी ओतले. ते घटाघटा पीत नाही, चहाच्या कपासारखे थोडे थोडे द्यावे लागते. मग इंजिन सुरू करून नुसते चालू ठेवले आणि मधून मधून वरची नळी हाताने दाबली. बुडबुडे येत राहिले. दहा-बारा मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी एकदम खाली गेले. पुन्हा भरले. एकूण लिटरभराहून जास्त पाणी आत गेले. एवढी हवा त्या गाडीने पोटात धरली होती.

बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. पाणी उसळून वर येऊ लागले तर इंजिन बंद करून लांब व्हावे, तोंडावर वाकू नये. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो कुठे आहे ते पुस्तिकेत दिलेले असते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पुन्हा एकदा पातळी बघावीच. राहिलेली हवा रात्रीतून वर येते.

बदललेले भाग खरोखर गेले होते का?

भाच्याने एक शहाणपण केले होते. काढलेले जुने भाग पोत्यात घालून घरी आणले होते. हे प्रत्येकाने करावे. मागायला लाजू नये, पैसे आपण देतो.

जुना थर्मोस्टॅट बाहेर काढला. ही एक मेणाची झडप. इंजिन थंड असताना बंद राहते, ठरलेल्या उष्णतेला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, तो उघडण्याचा अंश. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने लोंबकळत ठेवला, तळाला टेकू दिला नाही. पाणी उकळायच्या आधीच झडप डोळ्यांदेखत उघडली आणि पाणी निवल्यावर बंद झाली. म्हणजे तो चांगला होता. हे पातेले पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. मी ते बहिणीला न विचारता घेतले होते, त्याचा हिशेब नंतर झाला.

नवा थर्मोस्टॅटसुद्धा बसवण्यापूर्वी असाच तपासावा. तो उलटा बसला तर गाडी दहा मिनिटांत उकळते. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे असते, आणि कडेला लहान पिन असलेले भोक असेल तर ते वर यावे लागते, म्हणजे हवा निघून जाते. "थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी गार राहील" असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका. इंजिन हवे तितके तापत नाही, पेट्रोल जास्त खाते, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरत राहते.

जुन्या पंपाचा दांडा फिरवून पाहिला. खळखळ नव्हती, खालच्या लहान भोकातून पाणी गळल्याचा डाग नव्हता, आतला पंखा दांड्यावर घट्ट होता. पंपही बरा होता. जुना रेडिएटर मात्र खरोखर कामातून गेला होता. तोंडातून बॅटरी मारली तर नळ्यांच्या मुखांशी पांढरा थर, जागोजाग पिवळसर गाठी. पांढरे ते बोअरचे क्षार. पिवळे काय, हे भाच्याने जरा खालच्या मानेने सांगितले. मागे एकदा गळती लागली तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून त्यात हळद टाकली होती. हळदीने बारीक गळती तात्पुरती बंद होते हे खरे, जुने चालक ती टाकत आले आहेत. पण जी हळद भोक बुजवते, ती नळीही बुजवते.

म्हणजे तीन भागांपैकी एक बदलायलाच हवा होता, दोन उगाच बदलले, आणि चौथा, म्हणजे झाकण, बदलायचे राहिले. पानावर ठिपका दिसला की बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक एकाच पंपात घालून मारणारे शेतकरी मी रोज पाहतो. त्यांना मी बोलतो. इथे भाच्याला बोलायचा धीर झाला नाही, त्याचा हात पट्टीत होता.

गाडी कधी तापते ते आधी बघा

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी घरीच एक गोष्ट नोंदवता येते: गाडी नेमकी केव्हा तापते? नुसती उभी असताना, बाजारच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष बहुधा पंख्याचा. विजेचा पंखा लागतच नसेल, किंवा तारा उलट जोडल्याने उलटा फिरत असेल. पंख्याने वारा इंजिनाकडे ओढायला हवा. रेडिएटरच्या पुढे कागद धरला तर तो जाळीला चिकटला पाहिजे. पण हात जपा. असा पंखा किल्ली काढल्यावरही आपोआप सुरू होऊ शकतो.

उलट, गर्दीत ठीक आणि चढावर किंवा वेगात तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही. नळ्या बुजल्या आहेत, पट्टा घसरतो आहे, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटी होते आहे. खालची नळी उभ्या गाडीत चांगली दिसते, इंजिनचा वेग वाढवल्यावर चिंबते, म्हणून कोणाला तरी ॲक्सिलेटर दाबायला सांगून लांबून बघावी. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचे आणखी एक कारण असते. रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो. एसीच्या गाडीत पुढे आणखी एक जाळी असते आणि दोन्हींच्या मध्ये कचरा अडकतो, तो वरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीच्या धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या पापण्या वाकतात.

आणि थंड गाडी सुरू केल्याबरोबर मिनिट-दोन मिनिटांत वरची नळी दगडासारखी टणक होते, हवा काढूनही बुडबुडे थांबतच नाहीत, धुरात पांढरी वाफ येते, पाणी कुठे न गळता कमी होते, किंवा तेलाची पट्टी काढली तर तेल दुधाळ दिसते, तर मात्र हेड गॅसकेट गेले असण्याची शक्यता मोठी. तेव्हा गाडी ओढून न्यावी, चालवू नये. भाच्याच्या गाडीत यातले काही नव्हते. घाटात त्याने लगेच इंजिन बंद केले आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले नाही, म्हणून डोके वाचले. तडा गेला असता तर इंजिन काढण्याची गोष्ट खरी ठरली असती.

पाण्याविषयी शेवटचे. बोअरच्या पाण्याने ठिबकच्या तोट्या कशा बुजतात ते तुम्हाला सांगायला नको. रेडिएटरच्या नळ्याही तशाच बुजतात. पण ठिबकला देतो तसे ॲसिड रेडिएटरला देऊ नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकते. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे कूलंट एवढेच आत घालावे. काही डबे पाणी मिसळून तयार असतात, काहींत निम्मे पाणी आपण मिसळायचे असते, डब्यावर वाचून घ्यावे. नुसता रंग जुळला म्हणून दोन जाती एकत्र करू नयेत.

आयाबहिणींना हे मुद्दाम सांगतो. बहुतेक कूलंट चवीला गोड आणि जहाल विषारी असते. काढलेले कूलंट टोपात ठेवून अंगणात सोडले तर कुत्रे, वासरू किंवा रांगते मूल त्याला तोंड लावील. सरबताच्या बाटलीत तर ते कधीच भरू नये. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, आणि कोणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखान्यात न्यावे.

नवे झाकण, नवे कूलंट आणि अर्ध्या दिवसाची मेहनत एवढ्यावर ते काम भागले. इंजिन काढले नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मेहुण्यांच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. त्याच गाडीने गेले आणि त्याच घाटाने आले. माथ्यावर थांबून भाच्याने फोन केला, "मामा, काटा निम्म्यावर आहे."

"झाकण उघडून बघितलेस का?" मी मुद्दामच विचारले.

पलीकडून बहिणीचा आवाज आला, "त्याला पुढं बसवलाय, मी बॉनेटपाशी उभी आहे. उघडू देते का बघ!"